दहा वर्षांच्या मुलीची गिटार, आणि पुढे तिचं स्वतःचं रेकॉर्डिंग: मधली वाट कशी बांधायची

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहा वर्षांची आहे, दोन वर्षं क्लासला जाते, ओपन कॉर्ड (मोकळ्या तारांसह वाजणाऱ्या सोप्या कॉर्ड) वाजवते, चार-पाच गाणी तिला येतात. मोठी झाल्यावर स्वतःच्या चाली घरीच रेकॉर्ड करून लोकांपर्यंत पोचवायच्या, हे तिने मनात घेतलं आहे. आता काय करावं, कुठल्या टप्प्यावर काय यायला हवं, आणि माइक वगैरे सामान केव्हा घ्यावं?

सामान सगळ्यात शेवटी. माइकसमोर बसल्यावर वादकाच्या तीन गोष्टी उघड्या पडतात: लय स्थिर आहे का, नको ती तार वेळेवर बंद होते का, आणि दाबलेला सूर खरा लागतो का. या तिन्ही सवयी दहा ते चौदा या वयात हातात बसतात. विसाव्या वर्षी महागडा माइक घेऊन त्या दुरुस्त करायला बसणं फार कष्टाचं असतं, कारण तोवर चुकीची सवय पक्की झालेली असते. म्हणून रेकॉर्डिंग आजच सुरू करायचं, पण हातातल्या फोनवर. आठवड्यातून एकदा, त्या आठवड्याचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. दुसऱ्या दिवशी तिनेच ते ऐकायचं आणि कुठे अडखळलं ते वहीत लिहायचं. त्यावर पालकांनी मत देऊ नये. स्वतःचं वाजवणं बाहेरून ऐकायची सवय लागणं हा या व्यायामाचा हेतू आहे.

आता वाद्य. दहाव्या वर्षी बहुतेक मुलांना पाऊण मापाची गिटार बसते. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारमध्ये नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खाली ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) तारेची लांबी ६५० मिलिमीटर असते, पाऊण मापात ती साधारण ५८० असते. "लवकरच वाढेल" म्हणून मोठी गिटार घेतली की मूल डावा खांदा उचलून आणि मनगट मुडपून वाजवतं, आणि तीच बैठक पुढे कायम राहते. बाराव्या-तेराव्या वर्षी पहिल्या चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं ताण न पडता पसरली की पूर्ण माप घ्यावं. नायलॉनच्या तारांवर सुरुवात केलेली बरी. स्टीलचीच हवी असेल तर ०.०१० इंचाचा (ही सगळ्यात बारीक तारेची जाडी) हलका संच लावून घ्या. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा मात्र कधीच चढवू नका. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या ०.०१२ च्या संचाचा ७० किलोच्या वर जातो. ब्रिज उखडतो किंवा वरची फळी फुगते, आणि ती दुरुस्ती गिटारच्या किमतीइतकी पडते.

मूल "बोटं दुखतात" म्हणतं तेव्हा दर दोन वेळांतल्या एका वेळी दोष गिटारच्या सेटअपमध्ये (तारांच्या उंचीच्या जुळवणीत) सापडतो, असं समजूनच तपासायला घ्यावं. साधी स्टीलची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजा. नायलॉनला जाड ई तारेखाली सुमारे ४ मिलिमीटर आणि बारीक ई खाली ३. स्टीलच्या अकूस्टिकला अनुक्रमे सुमारे २.५ आणि २. याहून बरीच उंच असेल तर सॅडल खालून घासावा लागतो. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं, त्याच्या दुप्पट सॅडल उतरवावा लागतो. अर्धा मिलिमीटर हवा असेल तर एक मिलिमीटर. नटही बघा: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागद सरकेल एवढीच फट दिसली पाहिजे. स्वस्त गिटारींत नट जवळजवळ नेहमी उंच असतो. त्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर आणि एफ किंवा सी कॉर्ड मात्र बेसूर, असं झालं की पहिला संशय नटवर घ्यावा. तिचा कान चुकतोय असं लगेच ठरवू नये.

हवेचंही बघावं लागतं. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नेमकं उलट होतं: लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात, फळीला चीर जाऊ शकते. पावसाळ्यात गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्यातून एकदा वाळवा. उन्हाळ्यात केसमध्ये छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज ठेवला तरी पुरतं. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या गिटारचा ब्रिज सुटतो, कारण तो चिकटवणारा डिंक उष्णतेने मऊ पडतो.

लयीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. रोज वीस मिनिटं सराव असेल तर त्यातली आठ मिनिटं मेट्रोनोमसोबत (ठरावीक गतीने टिकटिक देणारं यंत्र किंवा अॅप). सुरुवात ६० च्या गतीने, म्हणजे मिनिटाला ६० ठोके. एक ओळ सलग तीन वेळा स्वच्छ वाजली की ४ ने वाढवायची. दोनदा चुकली की ८ ने उतरायचं. बहुतेक मुलं चढतात पण उतरत नाहीत, आणि मग ९६ च्या गतीला कायम एका ठिकाणी ठेच लागते. तीन-चार महिन्यांनी मेट्रोनोमची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकायची, म्हणजे पहिली आणि तिसरी तिला स्वतः धरावी लागते. त्यापुढची पायरी: दोन बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) टिकटिक चालू, दोन बार बंद. अशी सोय असलेली अॅप फोनवर फुकट मिळतात. बंदनंतर टिकटिक परत येते तेव्हा हात तिच्यावरच पडला तर लय आत उतरली आहे.

हे माइकसमोर का लागतं ते आकड्यांत सांगतो. ८० च्या गतीला एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी ३७५ ची. क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, वाजवलेली ओळ संगणकावर तरंगरेषेत बघितली की प्रत्येक ठोका क्लिकच्या किती पुढे-मागे पडला ते दिसतं. सगळे ठोके सारखेच १५ मिलिसेकंद मागे असतील तर तो बाज झाला, ऐकायला छान लागतो. एक २५ पुढे, दुसरा ३० मागे असं असेल तर वाद्य एकटं असताना खपून जातं. पण त्यावर दुसरी गिटार किंवा तबला चढवला की दोन्ही गढूळ होतात, आणि मिक्सिंगमध्ये (वेगवेगळे नोंदवलेले आवाज एकत्र बसवताना) ते कशानेच निवळत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी हा प्रयोग एकदा घरच्या संगणकावर करून दाखवा. मेट्रोनोम कशासाठी हे त्यानंतर तिला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी सवय तार बंद करण्याची. क्लासमध्ये सूर लावायला शिकवतात, तो संपवायला सहसा शिकवत नाहीत. ई मायनरवरून ए मायनरवर जाताना सहावी तार मोकळी घुमत राहिली तर खोलीत कळतही नाही; माइक ती पूर्ण पकडतो आणि नव्या कॉर्डखाली चुकीचा खालचा सूर लोंबत राहतो. उपाय बारीक आहे. उजव्या अंगठ्याने पाचवी छेडल्यावर त्याच अंगठ्याची पाठ सहावीला टेकवायची. सी कॉर्डला डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं टोक सहावीला हलकं लागू द्यायचं. इलेक्ट्रिकवर वरच्या जाड तारांवर उजव्या तळव्याची कड. जोडीला "करकर": गुंडाळलेल्या तारांवरून बोट घासत सरकवलं की येते. सरकण्याआधी बोट केसभर उचलायचं, नाहीतर बोटाच्या टोकाऐवजी मऊ भागावरून सरकायचं. थोडी करकर राहू द्यावी, ती माणसाच्या हाताची खूण आहे. प्रत्येक कॉर्डला यायला लागली की मात्र काम करावं.

तिसरी गोष्ट सूर, आणि इथे मराठी घरातल्या मुलीला एक फायदा आहे: पेटीच्या पट्ट्या. घरात कोणी गात असेल तर "काळी चार", "पांढरी दोन" हे शब्द तिच्या कानावर असतात. त्यांची गिटारशी सांगड लवकर घालून द्या. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि हात जी चा, म्हणजे बोटं जी पट्टीच्या कॉर्डची. काळी पाचला कॅपो पहिल्यावर ठेवून ए चा हात, नाहीतर तिसऱ्यावर ठेवून जी चा. काळी एकला पहिल्यावर सी, नाहीतर चौथ्यावर ए. कॅपो फ्रेटला अगदी लागून मागे लावायचा. मध्येच लावला तर तारा चढतात. लावल्यावर पुन्हा ट्यून करायचं, दर वेळी.

भावगीत किंवा अभंगाची साथ करताना कॉर्ड शोधायच्या तर आधी गाण्यातले सूर बघा. चाल यमनच्या अंगाची आणि षड्ज सी असेल तर मध्यम तीव्र आहे, म्हणजे एफ शार्प. तिथे सवयीने एफ मेजर लावला की गाणाऱ्याचा तीव्र मध्यम कॉर्डशी भांडतो. डी मेजर, बी मायनर, ई मायनर हे तिथले सोबती. आणखी एक बारकावा: फ्रेटवरचा गंधार तंबोऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, कारण फ्रेट बारा समान भागांत बसवलेले असतात. गाणारा गंधारावर थांबतो तिथे गिटारने फक्त षड्ज-पंचम धरावा आणि गंधार गळ्याला सोडावा. असं केलेलं रेकॉर्डिंग एकदम निवांत वाटतं.

नोटेशन (स्वरलिपी) वाचायला शिकवावं का? हो, शिकवावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून सुरांच्या नावांनी गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. त्या वाचनाच्या जोरावरच गोवेकर वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने शिरले, कारण समोर ठेवलेला कागद ते बघताक्षणी वाजवू शकत. आज तुमच्या मुलीला त्याचा उपयोग वेगळा: स्वतःची चाल दुसऱ्या शहरातल्या बासवाल्याला किंवा बासरीवाल्याला लिहून पाठवता येते. टॅब (तार आणि फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत) सोयीची आहे, पण बोट कुठे ठेवायचं एवढंच ती सांगते. किती वेळ ठेवायचं ते तिच्यात पुरेसं कळत नाही. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा द्यायला हरकत नाही, शिस्त लागते. फक्त परीक्षेच्या तीन रचना वर्षभर घोळवत बसू नये. त्यांच्या जोडीला वर्षाला पंधरा-वीस सोपी गाणी वाचून, ऐकून, स्वतः बसवून झाली पाहिजेत. ग्रेड पाच झालेलं मूल वाढदिवसाच्या गाण्याला कॉर्ड लावू शकत नाही, असं झालं तर शिकवण्याची दिशा बदलायला हवी.

तेरा ते सोळा या वयात बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या), फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडणं), स्वतःच्या चाली, आणि मित्रमंडळींबरोबर वाजवणं. बॅरेला जोर लावून काही होत नाही. पहिलं बोट किंचित कडेवर कलंडवायचं, फ्रेटला चिकटून ठेवायचं, कोपर अंगाशी घ्यायचं. आधी पाचव्या फ्रेटवर ए मेजरने सुरुवात, तिथे तार मऊ लागते. मग एकेक फ्रेट खाली येत शेवटी एफ. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर त्या दिवशी थांबायचं. स्वतःची चाल सुचली की फोनवर तीस सेकंद तरी नोंदवून ठेवायची, आणि फाइलच्या नावात तारीख, गती आणि पट्टी लिहायची. "नवीन रेकॉर्डिंग ४७" नावाच्या फाइलींत चांगल्या चाली हरवतात.

आता खोली आणि सामान. वय सोळाच्या आसपास, तीन-चार पूर्ण गाणी तयार असतील तेव्हा.

पैसे घालायचा माझा क्रम असा: आधी गिटारचा सेटअप आणि नव्या तारा, मग खोली, मग माइक, मग इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी डबी). बहुतेक लोक उलटं करतात. सहा महिने जुन्या तारांचा मंद आवाज कुठल्याच माइकने उजळत नाही. स्टीलच्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदला, नीट ताणून घ्या. नायलॉनच्या तीन-चार दिवस आधी, त्या स्थिरावायला वेळ घेतात.

खोलीत चौकोनी, रिकाम्या भिंती आणि फरशी असेल तर आवाज टपटप परततो. एक टाळी वाजवून बघा. मागे धातूसारखी झण ऐकू आली तर माइकही ती घेणार. जिथे कपाट, गादी, पडदे आहेत ती झोपायची खोली सगळ्यात बरी. वादकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या लटकवा, भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर सोडून. खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, ते जेमतेम वरच्या पट्टीतला थोडा आवाज पसरवतात आणि खालची घुमघुम तशीच ठेवतात. पुढे जमलं तर लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारा खनिज तंतूंचा थर) कापडात बांधून कोपऱ्यांत उभं करा. खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात बसू नये, दोन्हीकडे खालचे सूर बिघडतात.

पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद (चालू करायला विसरू नका, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली की आठवण राहते), इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत. कुकरची शिट्टी, पाण्याची मोटर, सोसायटीची लिफ्ट यांच्या वेळा लिहून ठेवा. रात्री अकरानंतर शहरातही तास-दोन तास बरे मिळतात. हातातलं घड्याळ, बांगड्या, शर्टाची बटणं आणि करकरणारी खुर्ची हे चारही माइकला ऐकू येतात.

माइक: घरी एकच घ्यायचा असेल तर मोठ्या डायफ्रॅमचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) कंडेन्सर, गळा आणि गिटार दोन्हीला चालतो. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागतो, तो इंटरफेस देतो. बाहेर रहदारी फार असेल आणि खोली ऐकण्यासारखी नसेल, तर डायनॅमिक माइक अधिक समजूतदार ठरतो, त्याला दूरचं कमी ऐकू येतं. माइक बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि त्याचं तोंड गिटारची मान आणि पेटी (गिटारचा पोकळ भाग) जिथे जुळतात तिकडे किंचित वळवा. आवाजाच्या भोकासमोर ठेवू नका. पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि भोकातून तीच बाहेर येते. जी आणि ए चे खालचे सूर ढोलासारखे फुगतात. कार्डिऑइड माइक १५ सेंटिमीटरहून जवळ आणला तरी खालचे सूर फुगतात. घुमतंय वाटलं तर माइक पाच-पाच सेंटिमीटर खुंट्यांच्या बाजूला सरकवून दर वेळी ऐका. अर्धा तास या सरकवण्यात गेला तर तो सगळ्यात कामाचा अर्धा तास समजा.

दोन माइक लावायचा मोह सुरुवातीला आवरावा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून दोन माइकपर्यंत तो वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि दोन्ही एकत्र केल्यावर काही सूर एकमेकांना खातात. गिटार रुंद हवी असेल तर तीच ओळ दोनदा वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) कॉपी करून दोन्हीकडे ठेवल्याने रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. इथेच लहानपणीची लय कामाला येते: दोन वेळा सारखंच वाजवता आलं तर हा उपाय चालतो.

सॅडलखालच्या पिझो पिकअपचा (कंप विजेत बदलणाऱ्या पट्टीचा) जॅक सरळ इंटरफेसला लावायचा मोह होतो. स्टेजवर तो ठीक. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज प्लॅस्टिकसारखा चटचटीत लागतो, माइकच लावा. इलेक्ट्रिक गिटार मात्र इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावायची, लाइन इनपुटला नाही. पिकअपला सुमारे एक मेगाओहमचा इनपुट लागतो, कमी मिळाला तर वरचे सूर मरतात. साफ आवाज नोंदवा आणि अॅम्पचा रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवा, म्हणजे तो बदलता येतो.

इंटरफेस दोन इनपुटचा पुरे. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलला टेकेल एवढाच गेन (येणारा आवाज वाढवायची कळ). २४ बिटमध्ये हळू आवाजाला जागा भरपूर आहे. लाल दिवा लागला की मात्र तो टेक गेला. बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती बारीक तुकडे, म्हणजे सँपल, जमवतो तो आकडा) रेकॉर्डिंगच्या वेळी १२८ सँपल, म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद, मिक्सिंगच्या वेळी ५१२ किंवा १०२४. बफर मोठा ठेवून सॉफ्टवेअरमधून स्वतःला ऐकलं तर वादक नकळत मागे पडतो आणि सगळी लय ढिली येते. संगणक कमजोर असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (संगणकाला वगळून थेट ऐकायची सोय) वापरा. सॉफ्टवेअर म्हणून रीपर चांगलं, साठ दिवस वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच असतं.

गुंगुं आवाज येत असेल तर एकेक गोष्ट काढत जा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थांबला तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या इमारतींत बऱ्याचदा तिसरी पिन नुसती नावाला असते. अर्थची पिन तोडून आवाज घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. इलेक्ट्रिक गिटारचा सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप असेल तर खुर्ची हळूहळू फिरवा. कुठल्या तरी दिशेला गुणगुण जवळपास नाहीशी होते. डिमर आणि पंख्याचे रेग्युलेटर बंद ठेवा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वीस मिनिटं हात गरम करा, क्लिकवर दोन बारांची मोजणी ठेवा, बंद कपाचे हेडफोन घाला. क्लिकचा आवाज फार मोठा ठेवला तर शेवटच्या लांबत जाणाऱ्या कॉर्डमध्ये तो माइकला ऐकू येतो. तिथे क्लिक थांबवून ठेवा. आधी गिटार, मग गळा, वेगवेगळे. पूर्ण गाण्याचे तीन टेक घ्या, प्रत्येक टेकआधी ट्यून करा, मग दहा मिनिटं माइकपासून दूर जा. तीन टेकांतून चांगल्या ओळी निवडून जोडायच्या. जोड ठोक्याच्या अगदी आधी, ५ ते १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक विरत असताना दुसरा चढतो). पंधराव्या टेकला बोटं थकलेली असतात. तेवढे लागत असतील तर गाणं अजून बसलेलं नाही, आठवड्याने या. प्रत्येक टेक संपल्यावर शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत हलू नका. खुर्चीच्या करकरीने गेलेले सुंदर शेवट वाचवता येत नाहीत. मोकळ्या खोलीची वीस सेकंदांची शांतताही नोंदवून ठेवा, जोडांमधल्या फटी भरायला लागते.

मिक्सिंगबद्दल थोडंच. गिटार एकटी असेल तर ६० ते ७० हर्ट्झखालचं काढा, गळ्याच्या साथीला असेल तर १०० पर्यंत. गढूळ वाटलं तर २०० ते ३०० च्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) २:१ किंवा ३:१, अटॅक (दाब लागू व्हायचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे नखाचा ठोका मोकळा राहतो. दोन-तीन डेसिबलहून जास्त दाबू नये. रिव्हर्ब (घुमारा) वेगळ्या ट्रॅकवर पाठवून, २० मिलिसेकंदांच्या प्रीडिलेने (घुमारा सुरू होण्याआधीची फट). मग फोनच्या एकाच स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार. शेवटच्या फाइलचा सर्वोच्च बिंदू उणे १ डेसिबल. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे चेपून चेपून मोठा केलेला मास्टर (शेवटची फाइल) तिथे मोठा ऐकू येत नाही, फक्त चपटा लागतो.

प्रकाशनाची बाजू पालकांनी सांभाळायची. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार भारतात कायद्याने टिकत नाही, म्हणून वितरकाचं खातं पालकाच्या नावावर हवं. चालीचा हक्क मात्र जिने चाल केली तिचाच. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी यांसारखे वितरक गाणं सगळ्या सेवांवर पोचवतात. काही वार्षिक शुल्क घेतात, काही कमाईतला वाटा. वार्षिक शुल्क थांबवलं तर गाणी उतरतात का, हे सही करण्याआधी वाचा. गाणं प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी चढवा. चित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) लागतो, तो वितरकाकडून मिळतो. संगीतकार आणि गीतकार म्हणून हक्काचे पैसे यायचे तर आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं, वितरकाकडे गाणं दिल्याने ते आपोआप मिळत नाही.

दुसऱ्याचं गाणं वाजवायचं असेल तर इथे जास्त जण अडकतात. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण गेल्या शतकातल्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल त्याची किंवा त्याच्या वारसांची, नाहीतर त्याने ज्या कंपनीला हक्क दिले तिची. भारतात हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अभंगाला स्वतःची चाल लावली तर प्रश्नच नाही, आणि पहिल्या रेकॉर्डिंगला ती कल्पना फार चांगली आहे. कोणी तबला किंवा बास वाजवून दिला असेल तर मोबदला किती आणि वाटा आहे का, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. एखाद्या कंपनीने हक्क मागितले तर मुदत आणि प्रदेश लिहिलेलाच असावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून छापील करारात "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" हे शब्द आधी शोधा.

गाणं बाहेर पडलं की काम आवरून ठेवायचं. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा, एकदा इफेक्टसह, एकदा कोरा. सोबत गती, पट्टी, कॅपो आणि तारांचा संच लिहिलेला एक साधा मजकूर ठेवा. सगळं दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. आजचा प्रोजेक्ट दहा वर्षांनी सॉफ्टवेअरमध्ये उघडेलच असं नाही. वेव्ह फाइल उघडते.